आजारी मातापित्यांची सेवा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशी गतकाळाचे स्मरण करावे, ज्या धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी आणि गावोगाव पायी हिंडलेल्या धर्मशिक्षकांनी या कोरडवाहू भूमीत श्रद्धेचे बीज पेरले त्यांचे उपकार मानावेत, हे उचितच होय. ते काम आमच्या पूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. आमच्या वाट्यास आलेला विषय मात्र सणाच्या दिवशी बोलण्यास जड वाटावा असा आहे. आईला किंवा वडिलांना कर्करोग जडला असता मुलांनी त्यांची सेवा कशी करावी, हा तो विषय होय.

कोणी म्हणेल, आनंदाच्या मंडपात रोगाची गोष्ट कशाला? त्यास आमचे उत्तर असे. मोशेच्या धर्मशास्त्रात महोत्सवाचे वर्ष हे बंध सुटण्याचे वर्ष सांगितले आहे. त्या वर्षी हातची गेलेली जमीन मूळ मालकाकडे परत येई आणि दास मुक्त होऊन आपापल्या घरी जात. सर्व बंध ज्या वर्षी सुटतात त्या वर्षीही एक बंध सुटत नाही, तो म्हणजे जन्मदात्यांशी असलेला. दहा आज्ञांपैकी पहिल्या तीन देवाविषयीच्या आहेत. माणसांविषयीच्या आज्ञांचा आरंभ जिने होतो ती चौथी आज्ञा मातापित्यांविषयीची आहे. म्हणून महोत्सवात या ऋणाची आठवण करणे अप्रासंगिक नव्हे.

शिवाय हा रोग आता आपल्या दारापासून दूर राहिलेला नाही. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत असे गाव क्वचितच आढळेल, जेथे एखाद्या घरी तोंडाचा, स्तनाचा अथवा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेले माणूस नाही. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी आपल्या लोकांची किती हानी केली आहे, हे सांगण्यास वैद्य नको. दफनभूमीतील क्रूस सांगतील. तरीही लोक या रोगाचे नाव घेत नाहीत. "मोठा आजार", "ती गाठ", असे म्हणून वेळ मारून नेतात. कित्येक घरी रोग्याचे ताटवाटी वेगळे ठेवितात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. बंधूंनो, कर्करोग हा स्पर्शाने, श्वासाने अथवा एका ताटात जेवल्याने लागणारा रोग नव्हे. ज्या हाताने आईने तुम्हांस घास भरविला, त्या हाताला विटाळ मानणे हे अज्ञान आहे आणि अज्ञान दूर झाल्यावरही तसेच वागणे हे पाप आहे.

पवित्र शास्त्रात तोबीताचा ग्रंथ आहे. तो आपल्या घरी वारंवार वाचला जावा अशी आमची इच्छा आहे. वृद्ध तोबीताची दृष्टी गेली. घरात दारिद्र्य आले. तोबीताची पत्नी दुसऱ्यांच्या घरचे विणकाम करून पोट भरू लागली. तेव्हा पित्याच्या आज्ञेवरून त्याचा पुत्र तोबिया दूरदेशी निघाला. प्रवासासाठी त्याला एक सोबती मिळाला. तो राफाएल देवदूत होता, हे तोबियाला ठाऊक नव्हते. त्या सोबत्याने सांगितलेले औषध घेऊन पुत्र परतला, त्याने आपल्या हाताने पित्याच्या डोळ्यांत ते घातले आणि पित्याला दृष्टी आली. येथे तीन गोष्टी ध्यानात धराव्यात. पुत्राने प्रवासाचे कष्ट टाळले नाहीत. त्याने जाणत्याचा सल्ला ऐकला. आणि औषध त्याने स्वतः घातले, दुसऱ्यावर सोपविले नाही. राफाएल या नावाचा अर्थच देव बरे करितो असा आहे. तथापि देवाने बरे केले ते औषधाच्या द्वारे आणि पुत्राच्या हाताने. औषध करणे म्हणजे श्रद्धा कमी असणे, असे मानणाऱ्यांनी या ग्रंथाचा विचार करावा. बेनसिराच्या ग्रंथातही वैद्याचा मान राखावा व औषधे देवानेच भूमीतून उत्पन्न केली आहेत, असा उपदेश आहे.

आता पहिले कर्तव्य. विलंब करू नये आणि भलत्या वाटेस जाऊ नये. तोंडातील न भरणारी जखम, छातीतील गाठ, पाळी बंद झाल्यानंतर जाणारे रक्त, गिळताना अडकणे, अशी लक्षणे दिसताच आईवडिलांस तपासणीस न्यावे. आपले वडीलधारे स्वतः सांगत नाहीत. वडील म्हणतात, सोयाबीन निघू दे, मग पाहू. आई तर लाजेने सांगतच नाही. आपल्या शेजारच्या, आता धाराशिव नाव असलेल्या जिल्ह्यातील गोष्ट ऐका. तेथे १९९९ साली टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहकार्याने ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास आरंभिला गेला. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच केली, त्या गटातील या रोगाचे मृत्यू इतर गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. सर्व जगाने या अभ्यासाची दखल घेतली; आणि त्यातील स्त्रिया कोण होत्या? आपल्याच बोलीत बोलणाऱ्या, ज्वारीच्या भाकरी थापणाऱ्या आपल्या मावश्या व आत्या. वेळेवर केलेली एक तपासणी काय करू शकते, याचा याहून जवळचा दाखला आम्हांस ठाऊक नाही.

भलत्या वाटेविषयी थोडे बोलतो. शर्तीने बरे करून देऊ म्हणणारे लोक बाजाराच्या गावी तंबू ठोकून बसतात. त्यांच्या पुड्यांत महिने जातात आणि जी गाठ शस्त्रक्रियेने निघाली असती ती पसरते. कोणी उपचार अर्ध्यावर सोडतात, कारण केस गेले, अन्न नकोसे झाले. उपचार सोडण्याचा विचार मनात आला तर तो डॉक्टरांसमोर बोलावा. घरी बसून ठरवू नये. प्रार्थना अवश्य करावी. कर्करोग्यांचे आश्रयदाते संत पेरेग्रीन यांची मध्यस्थी मागावी. त्यांच्या स्वतःच्या पायास असाध्य व्रण झाला होता. परंतु संतांची मध्यस्थी मागणारा मनुष्य रुग्णालयाची तारीख चुकवीत नाही.

दुसरे कर्तव्य सत्य बोलण्याचे. येथे आमच्या लोकांची मोठी अडचण होते. मुले डॉक्टरांस बाजूला नेऊन विनवितात, आईला सांगू नका. हेतू प्रेमाचा असतो, हे आम्ही जाणतो. तरी एका घरची हकीकत सांगतो. तीन भावांनी आपल्या आईस पोटातला व्रण आहे असे सांगून मोठ्या शहरी नेले. रुग्णालयाच्या पाटीवर रोगाचे नाव ठळक अक्षरांत होते आणि त्या बाईला वाचता येत होते. तिने मुलांस काही विचारले नाही, कारण मुलांना सांगणे जड जाते आहे हे तिने ओळखले होते. चार महिने आई उशीत तोंड खुपसून रडे आणि मुले पडवीत रडत. शेवटी धाकट्याने धीर करून सर्व सांगितले. तेव्हा त्या माउलीने प्रथम काय मागितले? आपल्या बहिणीशी पंधरा वर्षांपूर्वी झालेले भांडण मिटवावयाचे आहे, तिला बोलावून आणा, एवढेच. बहीण आली, दोघींनी एका चटईवर बसून जपमाळ म्हटली. ते चार महिने त्या मुलांनी आईपासून लपविले नसते तर तेही तिला समेटासाठी मिळाले असते.

म्हणून आमचा सल्ला असा आहे. आईवडील जेवढे विचारतील तेवढे खरे सांगावे. एकदम सर्व ओतू नये. परंतु विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये. बरे होण्याची आशा असेल तेथे ती स्पष्ट सांगावी. पुष्कळ कर्करोग वेळीच सापडल्यास बरे होतात, हेही सत्यच आहे. उपचार कोणता घ्यावा, किती घ्यावा, यात ज्याचे शरीर आहे त्याचा शब्द प्रथम असावा.

तिसरे कर्तव्य प्रवासाचे व पैशाचे. परमेश्वराच्या कृपेने आज उपचारांच्या सोयी पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. लातूर येथे १९६६ साली सुरू झालेल्या विवेकानंद रुग्णालयाच्या संस्थेने कर्करोगाचे रुग्णालय उभारिले आहे. बार्शीचे रुग्णालय आहे. छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ सालापासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. नांदेडकडील कित्येक लोक हैदराबादेस जातात. आणि मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय आहे. त्या रुग्णालयाच्या मुळाशीही एका कुटुंबाचे दुःख आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी या रोगाच्या उपचारांची सोय आपल्या देशात व्हावी अशी इच्छा धरिली; ते १९३२ साली निवर्तले आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णालय उघडले. एका घरच्या शोकातून लाखो घरांस आधार झाला. दुःखाचे असेही फळ होऊ शकते.

नांदेडहून मुंबई आगगाडीने सुमारे ६०० किलोमीटर आहे. रोग्याने एवढा प्रवास एकट्याने करू नये. कर्करोगाच्या उपचारासाठी जाणाऱ्या रोग्यास शयनयान व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात रेल्वे भाडे आकारीत नाही आणि सोबत्यास त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. त्याचा दाखला रुग्णालयातून मिळतो. पैशाविषयीही निराश होऊ नये. शासनाची जी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्या आठांत आपला नांदेड जिल्हा होता. पुढे ती सर्व राज्यात लागू झाली आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२३ साली शासनाने तिची मर्यादा कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन प्रथम त्याला भेटावे. सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी आणि शेत विकण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. सर्व कागद, बायोप्सीचा अहवाल, तपासणीच्या काचा व छायाचित्रे एका पिशवीत तारीखवार ठेवावीत. ही पिशवी हरवली तर सर्व तपासण्या पुन्हा करणे प्राप्त होते.

राहण्याचा प्रश्न सर्वांत बिकट होय. किरणोपचार बहुधा आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालतो. तेवढे दिवस परक्या शहरी कोठे राहावे? गाडगे महाराजांच्या नावाने दादर येथे जी धर्मशाळा आहे, तिने आपल्या खेड्यापाड्यांतील अगणित रोग्यांस छाया दिली आहे. ज्या साधूने हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, त्याने परक्यांच्या आजारी आईबापांसाठी घरे उभारविली. ही भूतदया पाहून आम्ही ख्रिस्ती लोकांनी मान लववावी व तिचे अनुकरण करावे.

चौथे कर्तव्य घरच्या शुश्रूषेचे. औषधोपचार, ज्यास केमोथेरपी म्हणतात, तो पुष्कळदा तीन तीन आठवड्यांच्या फेऱ्यांनी देतात. औषध दिल्यानंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती घटते. त्या दिवसांत १०० अंशांवर ताप गेला तर तो साधा ताप समजून गोळी देऊन झोपवू नये. रात्र असो वा दिवस, तत्काळ डॉक्टरांस कळवावे. घरात तापमापक असलाच पाहिजे. पाणी उकळून गार केलेले द्यावे, अन्न ताजे व शिजविलेले असावे, हात धुतल्यावाचून कोणी जवळ जाऊ नये. सर्दी-खोकला झालेल्यांनी दूर राहावे; ही अस्पृश्यता नव्हे, ही काळजी होय. तोंड आले असता तिखट वर्ज्य करून मऊ खिचडी, वरणभात, पेज थोडी थोडी व वारंवार द्यावी. जेवत नाही म्हणून रागावू नये. तुम्ही लहानपणी जेवत नव्हता तेव्हा आई किती वेळ वाटी घेऊन उभी राहिली, ते आठवावे.

येथे एक धर्माज्ञेची गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. उपवासकाळ आला की आजारी माता उपवासाचा हट्ट धरितात. ख्रिस्तसभा आजाऱ्यांवर उपवास लादीत नाही. इतकेच नव्हे, तर १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांस ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासाचेही बंधन नाही. शुश्रूषा करणाऱ्यांचे नाव धर्मसभेने आजाऱ्यांच्या जोडीस घातले आहे, हे ध्यानात घ्या. आईजवळ दुसरे कोणी नसल्यामुळे जी मुलगी रविवारी मिस्सेस येऊ शकत नाही, तिने मनास टोचणी लावून घेऊ नये. तिच्या घरी आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन येऊ. फक्त निरोप धाडावा.

आणि ही मुलगी, ही सून, कोण असते? बहुतेक घरी सेवेचा सर्व भार एकाच बाईवर पडतो. पुण्याचा मुलगा पैसे पाठवितो, हैदराबादचा मुलगा फोन करितो, आणि घरची सून रात्री तीन वेळा उठते. मग पुण्याचा मुलगा दोन दिवसांसाठी येऊन उपचारांत चुका काढितो. बंधूंनो, हे न्याय्य नव्हे. भावंडांनी एकत्र बसून वाटणी करावी. शेताच्या वाटणीस आपण तलाठ्यापर्यंत जातो. सेवेची वाटणी घरातल्या घरात करण्यास काय हरकत आहे? पैसे कोण देणार, प्रवासास कोण जाणार, रात्री कोण जागणार, हे लिहून काढावे. जी सेवा करिते तिला आठवड्यात एक दिवस तरी विसावा द्यावा. क्रूस वाहताना प्रभूने शिमोन कुरेनेकराचा हात घेतला. देवपुत्राने जी मदत नाकारिली नाही, ती नाकारण्याचा अभिमान कोणी बाळगू नये.

पाचवे कर्तव्य आत्म्याचे. आजाऱ्यांच्या पवित्र तैलाभ्यंगाविषयी आपल्या लोकांत अजून भय आहे. धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे आता संपले, असे समजून शुद्ध हरपेपर्यंत कोणी बोलावीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट सांगितले, की हा संस्कार केवळ मरणाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी नाही. गंभीर आजाराचा आरंभ होताच तो घेणे योग्य होय. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावा, आजार वाढल्यास पुन्हा घ्यावा. रोगी शुद्धीवर असताना, पापनिवेदन करून, मुलाबाळांच्या समवेत तो घेतल्याने जी शांती लाभते, ती आम्ही पुष्कळ घरांत डोळ्यांनी पाहिली आहे.

सहावे आणि शेवटचे. केव्हा केव्हा सर्व उपाय करूनही रोग हटत नाही. तेव्हा डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या. याचा अर्थ आता करण्यासारखे काही उरले नाही, असा मुळीच नव्हे. वेदना शमविणे, जखम स्वच्छ ठेवणे, कूस बदलणे, जवळ बसणे, हे सर्व उरलेले असते. कोणी म्हणतात, वेदना सोसू द्या, ते प्रायश्चित्त आहे. आपले दुःख प्रभूच्या दुःखाशी जोडावे, हे खरेच. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितपत्रच लिहिले. परंतु आपले दुःख अर्पण करणे निराळे आणि दुसऱ्यास दुःखात ठेवणे निराळे. त्याच पत्रात दयाळू शोमरोनी मनुष्याचा आदर्श पुढे ठेविला आहे. जखमा बांधणारा तो मनुष्य होता. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच वैद्यांस सांगितले होते, की असह्य वेदनांवर मॉर्फीनसारखी औषधे देणे धर्मास संमत आहे. म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक औषधे भीतीने रोखून ठेवू नयेत. मुंबईस वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा या कर्करोग शल्यवैद्यांनी १९८६ साली शांती अवेदना सदन स्थापिले. बरे न होणाऱ्या कर्करोग्यांसाठी भारतात निघालेले ते पहिले गृह होय. पवित्र क्रूसाच्या धर्मभगिनी तेथे सर्व धर्मांच्या रोग्यांची विनामूल्य सेवा करितात. त्या ज्या प्रेमाने परक्यांची सेवा करितात, त्याच प्रेमाने आपण आपल्या रक्ताच्या माणसाची करावी, ही मागणी मोठी नाही.

राहिला धर्मग्राम. महोत्सवानंतर मंडप उतरेल, तोरणे सुकतील. मागे काय राहावे? आमची अशी सूचना आहे. ज्या घरी असा आजार आहे त्या घरी आठवड्यातून एकदा शेजारच्या कुटुंबाने जेवण पोहोचवावे. रोगी व मुलगा मुंबईस गेले असता मागे त्यांची गुरे, तुरीचे पीक आणि मुलांची शाळा कोणी सांभाळावी, हे वाडीच्या प्रार्थनासभेत ठरवावे. तरुणांनी रक्तदानासाठी आपली नावे नोंदवावीत. ज्यांनी हा प्रवास पूर्वी केला आहे, त्यांनी नव्याने निघणाऱ्यांबरोबर एकदा तरी जावे; कोणती खिडकी, कोणता मजला, कोणती रांग, हे दाखविणारा सोबती मिळाला म्हणजे अर्धे भय जाते. तोच त्या घराचा राफाएल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी मिरजेहून आगगाडीने आले, तेव्हा परक्या गावचे पाणी आपल्या घागरीत उतरले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अनोळखी हातांनी आपल्या लोकांना ढिगाऱ्यांतून काढिले. परक्यांनी आपणांसाठी एवढे केले, तर एका वेदीभोवती जमणाऱ्या आपण एकमेकांसाठी किती करावे?

क्रूसावर असह्य वेदनांत असतानाही प्रभू येशूने आपल्या मातेची व्यवस्था लावली. तिला योहानाच्या स्वाधीन केले, आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. मातेला आपल्या घरी नेणे, ही ख्रिस्ती पुत्राची खूण होय. ज्यांचे आईबाप आज आजारी आहेत त्यांना बळ मिळो. ज्यांनी सेवा करून त्यांना निरोप दिला त्यांना सांत्वन मिळो. आणि ज्यांना अजून काही सांगावयाचे, काही मिटवावयाचे राहिले आहे त्यांनी आज घरी गेल्यावर ते करावे. आजाऱ्यांचे आरोग्य असे जिला आपण म्हणतो, त्या पवित्र मरियामातेच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या घरांस आशीर्वाद देवो. आमेन.